एल्बेकाठची पंगत

उत्तर जर्मनीचा प्रदेश सपाट आहे. पश्चिमेला उत्तर समुद्र, पूर्वेला बाल्टिक आणि मधून वाहणाऱ्या एल्बे व वेझर या नद्या. हॅम्बुर्ग, ब्रेमेन, ल्युबेक ही जुनी व्यापारी शहरे याच पाण्याच्या आधाराने वाढली. हिवाळा लांब, ऊन कमी आणि वारा अखंड. अशा ठिकाणी जे अन्न घडले ते थंडीत राबणाऱ्या माणसाचे अन्न होय: मासे, खारवलेले डुकराचे मांस, बटाटा, कोबी आणि राय धान्याचा काळसर पाव. जैन माणसाच्या दृष्टीने याहून अवघड स्वयंपाकघर क्वचितच सापडेल. तेथील भाजीबाजारात ‘झुप्पेनग्र्युन’ नावाची एक जुडी मिळते. तिच्यात गाजर, सेलरीचा कंद, लीक नावाचा कांद्याचा भाऊबंद आणि थोडी पार्स्ली बांधलेली असते. घरोघरचे सूप आणि रस्से याच जुडीवर उभे राहतात. ‘फक्त भाज्यांचे सूप आहे’ हे ऐकून ज्याने समाधानाचा निःश्वास सोडावा, त्याच्या वाटीत पायापासूनच कंदमूळ असते.

तरीही या प्रदेशात जैन व्यापाऱ्यांची ये-जा आहे आणि ती वाढते आहे. हॅम्बुर्ग हे मसाले, चहा आणि कॉफी यांच्या आयातीचे जुने बंदर, तर हॅनोवरला १९४७ पासून यंत्रसामग्रीचा मोठा मेळा भरतो. माल दाखवायला, नमुने मंजूर करून घ्यायला, कधी थकलेल्या बिलाची आठवण करून द्यायला माणसे जातात. दिवसभराची बोलणी झाली की यजमान म्हणतो, ‘संध्याकाळी आपण जेवायला जाऊ.’ हे जेवण टाळता येत नाही, कारण ते व्यवहाराचाच एक भाग असते. नियमाची खरी परीक्षा मंदिरात होत नाही, ती अशा टेबलावर होते.

जेवण आणि व्यापार यांचा हा संबंध तेथे किती जुना आहे हे समजून घेण्यासारखे आहे. हॅम्बुर्गच्या नगरभवनात फेब्रुवारीत ‘मथिए-माल’ नावाची मेजवानी होते. तिच्या नोंदी १३५६ पासूनच्या आहेत. शहराशी मैत्री राखून असलेल्या सत्तांच्या प्रतिनिधींना जेवायला बोलवायचे, हा तिचा मूळ हेतू. त्याच शहरात १५१७ पासून ‘प्रामाणिक व्यापाऱ्यांची सभा’ भरत आली आहे. शब्दाला जागणारा तो व्यापारी, ही तिची जुनी व्याख्या आपल्या पेढीवरच्या कोणत्याही वडीलधाऱ्याला समजावून सांगावी लागणार नाही. याच व्यापाऱ्यांना लोक थट्टेने ‘मिरीची पोती’ म्हणत. ती मिरी मलबारची होती हे वेगळे सांगायला नको.

ब्रेमेनची ‘शाफरमालत्साइट’ ही मेजवानी याहूनही विलक्षण. १५४५ साली तेथे गरजू खलाशी आणि त्यांच्या विधवा यांच्या साहाय्यासाठी एक संस्था स्थापन झाली. फेब्रुवारीच्या दुसऱ्या शुक्रवारी तिच्या वतीने जुन्या नगरभवनाच्या वरच्या सभागृहात जेवण होते. दरवर्षी काही व्यापारी यजमानपद स्वीकारतात आणि खर्च स्वतःच्या खिशातून करतात. जहाजांचे कप्तान, व्यापारी आणि बाहेरचे पाहुणे एकत्र बसतात. बाहेरच्या पाहुण्याला हे निमंत्रण आयुष्यात एकदाच मिळते. पदार्थांचा क्रम ठरलेला असतो, त्यात पिढ्यान्पिढ्या बदल नाही. काटे-चमचे प्रत्येक पदार्थानंतर बदलत नाहीत. ते टीपकागदाला पुसून पुन्हा वापरायचे. मीठ चांदीच्या वर्खाच्या पुडीत आणि मिरी सोन्याच्या वर्खाच्या पुडीत ठेवतात. एके काळी मिरी काय भावाने मिळत असेल ते त्या पुडीवरून कळते. शेवटी खलाशांच्या निधीसाठी वर्गणी गोळा होते. कोबी आणि मांस यांचे ते जेवण जैन पाहुण्याच्या कामाचे नाही हे खरे. परंतु जेवणावळीतून दानाची पेटी फिरवण्याची ही पद्धत, आणि कितीही श्रीमंत असला तरी प्रत्येकाने आपला चमचा आपणच पुसायचा हा दंडक, मनात घर करून राहतो.

आता हॉटेलांकडे यावे. हॅम्बुर्ग शहराच्या मध्यभागी आल्स्टर नावाचा जलाशय आहे. त्याच्या काठी १८९७ साली फ्रीडरिश हेर्लिन यांनी ‘फीर यारेसत्साइटन’, म्हणजे ‘चार ऋतू’, हे हॉटेल सुरू केले. त्यातील भोजनगृहाला त्यांचेच नाव आहे आणि क्रिस्टोफ र्‍युफर यांच्या पाककौशल्याने ते देशातील अग्रगण्य भोजनगृहांत गणले जाते. एल्बेच्या चढावर असलेले ‘लुई सी. याकोब’ त्याहून जुने. तेथील लिंडन वृक्षांच्या सावलीतील गच्चीचे चित्र माक्स लीबरमान या प्रसिद्ध चित्रकाराने १९०२ मध्ये काढले. ते आज हॅम्बुर्गच्या कलासंग्रहालयात आहे. वोल्फ्सबुर्ग हे तर मोटारींचे शहर. तेथील कारखान्याच्या परिसरातील हॉटेलात स्वेन एल्फरफेल्ड यांनी चालवलेल्या ‘आक्वा’ या भोजनगृहाला २००९ साली मिशलँचे तीन तारे मिळाले. धुराड्यांच्या शेजारी देशातील सर्वोच्च दर्जाचे जेवण मिळावे, याचे तेथील लोकांना नवल वाटत नाही. चांगले काम कोठेही करता येते, अशी त्यांची समजूत दिसते.

अशा हॉटेलात जेवण म्हणजे तीन-चार तासांचा सोहळा असतो. निवड पाहुण्याने करायची नसते. सहा-सात लहान पदार्थांची मालिका ठरलेली असते. पहिल्या पदार्थाआधीच न मागता एक घास येतो. त्याला ‘स्वयंपाकघराचा नमस्कार’ अशा अर्थाचे सुंदर नाव आहे. बेसावध जैन पाहुणा बहुधा याच नमस्काराशी अडखळतो, कारण त्या इवल्याशा घासात मासा, अंडे किंवा जिलेटिन असण्याचा संभव फार. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून होते हे आपल्याकडेही अनेकांच्या ध्यानात नसते.

मात्र एक गोष्ट अनुभवी लोक आवर्जून सांगतात. या मोठ्या भोजनगृहांत नियम सांगणे हे लहान ठिकाणांपेक्षा सोपे असते. जागा राखून ठेवतानाच तेथे विचारतात की काय वर्ज्य आहे. आठ दिवस आधी लेखी कळवले तर मुख्य आचारी ते आव्हान म्हणून स्वीकारतो. ऐन वेळी टेबलावर बसून ‘हे चालत नाही, ते चालत नाही’ अशी यादी सुरू केली तर मात्र सभ्य चेहऱ्याखाली नाराजी दिसते, आणि ती रास्त आहे. त्याने सकाळपासून केलेल्या तयारीचा तो अवमान असतो. आपल्याकडे ‘बघू तिथे गेल्यावर’ हा जो सोयीचा मंत्र आहे, तो एल्बेकाठी चालत नाही.

काही जैन बांधव म्हणतील की ज्या स्वयंपाकघरात मांस शिजते तेथे पाऊलच टाकू नये. त्यांच्याशी वाद घालण्याचे कारण नाही. ज्याचा नियम तेवढा कडक आहे त्याने दुपारीच फळे घेऊन बसावे आणि यजमानाला संध्याकाळी फक्त गप्पांसाठी भेटावे. तेही तेथे अपमानास्पद मानत नाहीत. वाईट वाटते ते तिसऱ्या प्रकाराचे. घरी कडक नियम आणि विमानात बसताच ‘परदेशात चालते’ अशी सवलत, किंवा याच्या उलट, उपाशी राहून यजमानासमोर केविलवाणा चेहरा. दोन्हींत पाहुणा आणि यजमान या दोघांचाही मान राहत नाही.

शहर सोडून बाहेर पडले की गावोगावी जुनी खानावळ-अतिथिगृहे दिसतात. त्यांना ‘गास्टहोफ’ म्हणतात. उत्तरेकडे मात्र ‘क्रूग’ हे नाव अधिक. क्रूग म्हणजे सुरई किंवा कुंभ. लाल विटांच्या भिंती, लाकडी चौकटी, बोरूच्या गवताने शाकारलेले जाड छप्पर, मागे लग्नाकार्यासाठी मोठे दालन. गरम जेवण दुपारी बारा ते दोन आणि संध्याकाळी सहा ते नऊ या सुमारास. आठवड्यातून एक-दोन दिवस ‘विश्रांतीचा दिवस’ अशी पाटी लागते आणि त्या दिवशी राजा आला तरी चूल पेटत नाही. अनेक ठिकाणी भिंतीवर हरणांची शिंगे टांगलेली असतात. जैन पाहुण्याची नजर तेथे अडखळते. त्यावर उपाय एकच, खिडकीकडे तोंड करून बसणे.

या खानावळींचे वैशिष्ट्य म्हणजे त्यांचे ऋतूशी असलेले इमान. पाला पडून पहिली थंडी कडकली की ‘ग्र्युनकोल’ म्हणजे कुरळ्या पानांचा हिरवा कोबी येतो. ओल्डेनबुर्ग आणि ब्रेमेन या भागांत लोक हातगाडी ओढत, मैलोगणती चालत, थंडीत गारठून अशा खानावळीत येतात आणि ही भाजी खातात. सर्वांत जास्त खाणाऱ्याला ‘कोबीचा राजा’ ठरवण्याचीही चाल आहे. वस्तुतः ही पालेभाजी जमिनीवर वाढणारी, निरुपद्रवी. पण ती तासन्तास डुकराच्या चरबीत शिजते. त्यामुळे जैन माणसाला या राजाचे राज्याभिषेक दुरूनच पाहावे लागतात.

एप्रिलच्या मध्यावर पांढऱ्या शतावरीचा, ‘श्पार्गेल’चा, मोसम सुरू होतो आणि सारा लोअर सॅक्सनी प्रांत जणू वेडा होतो. लांबच लांब मातीचे वरंबे घालून कोंब मातीखालीच वाढवतात. सूर्यप्रकाश लागला तर ते हिरवे होतील, म्हणून डोके बाहेर काढण्यापूर्वीच हाताने एकेक कोंब कापतात. हे कष्टाचे काम करायला पोलंड आणि रुमानियातून मजूर येतात. वितळलेले लोणी, अंड्याच्या पिवळ्या बलकाचा सॉस, नवे बटाटे आणि डुकराच्या मांसाचे काप, हा तिचा ठरलेला परिवार. आणि २४ जूनला, संत योहानाच्या दिवशी, काढणी थांबते. मागणी असते, भाव असतो, कोंबही येत असतात. तरी थांबते, कारण त्यानंतर रोपाला पाने फुटून पुढच्या वर्षासाठी मुळांत बळ साठवता आले पाहिजे. बाजार तेजीत असताना हात आखडता घेणारा शेतकरी पाहिला की चातुर्मासाच्या मर्यादा पाळणाऱ्या घरातील माणसाला थोडे आपलेपण वाटते. पुढच्या वर्षीच्या पिकाची चिंता हा त्यामागचा हिशेब असेलही. पण मर्यादा ती मर्यादाच.

ही भाजी जैनाने खावी का, हा प्रश्न तेथे गेलेल्यांत नेहमी निघतो. मूळ नाही, कोंब आहे, असे म्हणून काही जण घेतात. परंतु अनंतकायांच्या पारंपरिक यादीत शतावरीचे नाव आहे, कोवळे कोंबही वर्ज्य मानलेले आहेत, आणि श्पार्गेल हा शतावरीच्याच कुळातला. शंका असेल तेथे हात आवरावा, हे उत्तम.

जर्मन भोजनपत्रिका वाचणे ही एक विद्या आहे. पदार्थाच्या नावापुढे बारीक अक्षरे किंवा आकडे छापलेले असतात. डिसेंबर २०१४ पासून युरोपीय संघात १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती ग्राहकाला देणे बंधनकारक झाले, त्याच्या त्या खुणा. अंडे, मासे, कवचधारी जलचर, दूध, सेलरी यांची खूण सापडते. कांदा, लसूण, बटाटा, जिलेटिन, मांसाचा अर्क यांची सापडत नाही, कारण हा कायदा आरोग्यासाठी आहे, धर्मासाठी नाही. घेवड्याच्या भाजीत ‘श्पेक’चे, म्हणजे खारवलेल्या चरबीचे, दाणे टाकलेले असतात आणि वाढणारी मुलगी निरागसपणे सांगते की यात मांस नाही. तिच्या मते ती फोडणी असते. म्हणून ‘शाकाहारी’ या शब्दावर विसंबू नये. त्यात अंडे आणि वासराच्या जठरातील रेनेटने केलेले चीज येतेच. ‘वेगान’ हा शब्द वापरावा आणि त्यापुढे जोडावे की जमिनीखाली वाढणारे काहीही नको. जर्मन भाषेत तो तुकडा असा: ‘निष्ट्स, वास उंटर डेर एर्डे वेक्स्ट.’ हे वाक्य कागदावर लिहून खिशात ठेवलेले बरे. ‘रोटे ग्र्युत्झे’ हा लाल फळांचा गोड पदार्थ तेथे घरोघर होतो; तो बहुधा चालतो, मात्र दाटपणासाठी मक्याचे पीठ वापरले की बटाट्याचे, एवढे विचारावे आणि वरचा व्हॅनिला सॉस अंड्याचा असल्यास साधी साय मागावी.

दुसरा प्रश्न सूर्यास्ताचा. हॅम्बुर्गला जूनअखेर सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. सातला सुरू झालेले जेवण आरामात उजेडात आटोपते. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी चार वाजता जातो. तेव्हा संध्याकाळच्या निमंत्रणाला नम्र नकार देऊन दुपारचे जेवण सुचवावे. ज्यांच्या हाती तारीख ठरवणे आहे त्यांनी मे-जूनच ठरवावा, हे सरळ व्यवहाराचे बोलणे.

आणि एक ठिकाण असे आहे की जेथे ही कोणतीच पंचाईत नाही. ब्रेमेनच्या पश्चिमेला, नेदरलँड्सच्या सीमेपर्यंत पसरलेला ओस्टफ्रीसलांट हा भाग चहासाठी प्रसिद्ध आहे. तेथील माणूस वर्षाला सरासरी तीनशे लिटर चहा पितो, आणि त्या चहाचा आधार आपल्या आसामचा. २०१६ साली जर्मनीने आपल्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत या चहापानाची नोंद केली. पातळ पोर्सेलीनच्या कपात आधी ‘क्लुन्ट्ये’ म्हणजे खडीसाखरेचा मोठा खडा ठेवतात. त्यावर गरम चहा ओतला की खडा तडकून बारीक आवाज करतो. मग चमच्याने कडेकडेने साय सोडतात. ती खाली जाऊन ढगासारखी वर येते. ढवळायचे नाही. पहिला घोट सायीचा, मधला चहाचा कडवटपणा आणि तळाशी गोडी. तीन कप घेणे हा तेथील शिष्टाचार. पुरे झाले की चमचा कपात उभा ठेवायचा, एरवी यजमानीण ओततच राहते. गावातल्या साध्या चहागृहात दुपारी तीनला बसावे, खिडकीबाहेर गायी चरत असाव्यात, आणि कोणालाही काहीही समजावून सांगावे लागू नये, याचे सुख कित्येक दिवस परक्या टेबलांवर सावध बसलेल्या माणसालाच कळेल.

सांगलीच्या अण्णांना मात्र समजावून सांगावे लागले, आणि तेही अपेक्षा नसलेल्या बाजूने. अण्णा हळदीचे व्यापारी. आजोबांच्या काळात त्यांचा माल हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीतल्या खोल कोठारांत, साठवला जाई. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यावर युरोपात थेट माल पाठवावा असे त्यांच्या मनाने घेतले. नमुने तपासणीत उतरले आणि हॅम्बुर्गच्या आयातदाराने बोलावणे पाठवले. मे महिना होता. धाकटा मुलगा पुण्यात एका कंपनीत नोकरीला. तो रजा काढून दुभाषी म्हणून बरोबर गेला.

आयातदाराने जेवण ठेवले होते ‘आल्टेस लांट’मधल्या एका क्रूगमध्ये. हॅम्बुर्गच्या पश्चिमेला एल्बेच्या काठी हा फळबागांचा प्रदेश आहे. बाराव्या शतकात हॉलंडहून आलेल्या लोकांनी पाण्याखालची जमीन कालवे काढून कोरडी केली. आज तेथे मैलोगणती सफरचंद आणि चेरी यांच्या बागा आहेत. निमंत्रण आले तेव्हा मुलाचे म्हणणे पडले की यादी पाठवू नये. एवढी मोठी ऑर्डर, पहिलीच भेट. समोरच्याला हा माणूस कटकटीचा वाटला तर? सॅलड खाऊ आणि वेळ निभावू. अण्णांनी ऐकले नाही. त्यांनी यादी सांगितली आणि मुलाला ती लिहावी लागली: मांस, मासे, अंडे, मध, दारू, लोणी नको, कांदा, लसूण, बटाटा, गाजर, कोणताही कंद, अळिंबी नको, दूध आणि साय चालेल, सूर्य मावळण्यापूर्वी जेवण संपावे. यादी वाचताना ती मुलालाच फार लांब वाटली.

दोन दिवसांनी खानावळीच्या मालकिणीचे उत्तर आले. तिने सगळे मान्य केले होते, फक्त एक प्रश्न विचारला होता. पाहुणे हळद विकतात असे कळले. हळदही जमिनीखालीच वाढते ना? मग ती जेवणात घालावी की नाही?

मुलाला तो टोमणा वाटला. अण्णांना वाटला नाही. ते बराच वेळ कागद हातात घेऊन बसले. मग त्यांनी सांगितले तसे मुलाने लिहिले: ओली हळद आम्ही खात नाही. वाळलेली चालते, कारण वाळल्यावर तिच्यातला जीव राहत नाही, आणि ती चिमूटभरच लागते. बटाटा असा आपण होऊन वाळत नाही, सडतो. सुंठीलाही हाच न्याय. पुढे एक वाक्य अण्णांनी आपणहून जोडले. लागवडीसाठी शेतकरी जमीन उकरतो तेव्हा जी हिंसा होते तिचा वाटा व्यापारी म्हणून आपल्याकडे येतोच. तो नाकारता येत नाही. मुलगा म्हणाला, हे शेवटचे कशाला? अण्णा म्हणाले, त्या बाईने नीट विचारले आहे, तर नीट सांगावे.

जेवण साडेसहाला सुरू झाले. आयातदाराने, त्याच्या पत्नीने श्पार्गेल घेतली. अण्णांपुढे नवलकोल आला. तो जमिनीच्या वर वाढतो. जर्मनीत त्याला ‘कोलराबी’ म्हणतात आणि मे महिन्यात तो कोवळा असतो. आतला गर कोरून त्यात शिजवलेले जव, अक्रोड आणि बागेतल्या वनस्पतींची पाने भरली होती. फोडणी मोहरीच्या जातीच्या रेप-बियांच्या तेलाची. येताना वाटेत दोन्ही बाजूंना जी पिवळीधमक शेते लागली होती, तेच हे तेल. पाव अण्णांनी घेतला नाही. त्याचे आंबवण त्यांना नको होते आणि ते यादीत लिहायचे राहिले होते. मालकिणीने न बोलता टोपली उचलली आणि थोड्या वेळाने तव्यावर भाजलेली बार्लीच्या पिठाची जाड भाकरी आणून ठेवली. शेवटी आदल्या मोसमातल्या सफरचंदांच्या शिजवलेल्या फोडी आणि साय. हळद तिने वापरली नव्हती. त्याचे कारण तिने सांगितले: अण्णांचे पत्र तिला पटले, पण तिच्याकडची हळद कोठली आणि केव्हाची हे तिला ठाऊक नव्हते, स्वतःच्या मालाची चव ज्याला माहीत आहे त्याच्यापुढे ती ठेवायला तिला संकोच वाटला.

आयातदार हसला. दुसऱ्या दिवशी कार्यालयात भावाची बोलणी झाली तेव्हा त्याने किलोमागे एक सेंटही वाढवून दिला नाही. उलट कीटकनाशकांच्या अंशाची आणखी एक चाचणी स्वतःच्या प्रयोगशाळेत करून घेण्याची अट घातली. अण्णांनी ती मान्य केली. मुलाच्या मनात जी भीती होती ती खरीही झाली नाही आणि खोटीही. यादीचा विषय त्या खोलीत निघालाच नाही.

त्या संध्याकाळी सूर्य सव्वानऊपर्यंत होता. अण्णांचे जेवण साडेआठच्या आत झाले. त्यांनी पाणी पिऊन हात जोडले आणि उरलेला वेळ इतरांबरोबर नुसते बसून राहिले. मालकीण काम आटोपून टेबलाशी आली. ही खानावळ तिच्या पणजोबांनी सुरू केलेली. त्या गल्लीत पूर्वी अशा तीन होत्या, आता ही एक. स्वयंपाकाला माणसे मिळत नाहीत, शनिवार-रविवारी तिची बहीण मदतीला येते. अण्णांनी मुलाकडून विचारवले की तिच्यामागे हे कोण पाहणार. तिने सांगितले की मुलगी हॅम्बुर्गला विमा कंपनीत आहे, पगार चांगला आहे, तिला सुट्ट्याही असतात. मग ती थोडी थांबली आणि म्हणाली की पाच वर्षांनी बहुधा ती हे विकून टाकील. एकाने घर म्हणून विचारले आहे, खानावळ म्हणून नाही.

मुलाने हे सगळे मराठीत सांगितले, अगदी शब्दशः, आपल्याकडून काही न घालता. अण्णांनी मान हलवली आणि मालकिणीला विचारायला सांगितले की नवलकोलात भरलेली ती हिरवी पाने कोणती होती.